उघडं फाटक

"मासी, आज ताळुं नको मारू हां," मयंक म्हणाला. "परदेशी गिऱ्हाइकाची माणसं तपासायला येणार. ते गावात आहेत तोवर फाटक उघडं."

अहल्याबाईंनी कुलूप पिशवीत टाकलं. मयंककडे कंपनीतल्या माणसांचं खातं होतं. म्हणजे मुली आणायच्या, ठेवायच्या आणि पळू द्यायच्या नाहीत. कंपनी इस्पितळांचे गाऊन शिवायची, माल परदेशी जायचा, आणि शिवणाऱ्या मुली झारखंडातून यायच्या. कारखान्यामागच्या इमारतीत त्या राहत, आणि तिथल्या मेट्रन अहल्याबाई. मुली पाळीवर जाताना फाटक उघडायचं, परत आल्या की बाहेरून कुलूप घालायचं आणि किल्ली घेऊन रावपुऱ्यात आपल्या घरी जायचं. पणजोबा संस्थानच्या फौजेत शिलेदार होते, त्यामुळे पहारा यांच्या रक्तातच आहे, असं शेजारी कौतुकाने म्हणत. बिचाऱ्या शेजाऱ्यांना पहारा कुणावर आहे ते माहीत नव्हतं. पहिल्या पहिल्यांदा किल्ली फिरवताना अहल्याबाईंना ते लागायचं. पुढे नस काढलेल्या दातासारखं झालं. जीभ लागते, पण कळत काही नाही.

"मयंकभाई, फुलमनीच्या मामाचा सकाळीच फोन होता," त्या म्हणाल्या. मुलींचे फोन कंपनी काढून घेई, म्हणून घरच्यांकडे नंबर असे तो अहल्याबाईंचा. "तिची आई आज-उद्याची सोबतीण आहे. पोरीचं तोंड बघायचंय म्हणते."

"ऑर्डर निघू दे, पछी बघू. आणि तिला आत्ता काय बोलू नको. पाहुण्यांसमोर रडायला लागली तर?"

"आई थांबेल होय ऑर्डरसाठी?"

"मासी, आजचा दिवस जाऊ दे ना," मयंक म्हणाला आणि पाहुण्यांच्या चहाचं बघायला गेला.

पाहुणे दुपारी आले. दोघं गोरे कारखान्यातच रमले आणि मुलींच्या इमारतीकडे आली ती त्यांच्याबरोबरची, शर्वरी नावाची पुण्याची मुलगी. तिने स्वच्छ संडास पाहिले, कालच लावलेला पंखा पाहिला, आणि अहल्याबाईंचं आडनाव ऐकताच तिचा चेहरा फुलला.

"अय्या, काकू, तुम्ही मराठी! बरं झालं बाई." तिने मागे उभ्या मयंककडे एक चोरटी नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "मग आपण मराठीतच बोलू. मोकळेपणाने सांगा, यांना काही कळायचं नाही."

अहल्याबाईंना हसावं की रडावं ते कळेना. मयंक गुजराती खरा, पण वाडीत वाढलेला, आजूबाजूला सगळी मराठी बिऱ्हाडं. गणपतीच्या आरत्या त्याला अहल्याबाईंपेक्षा जास्त पाठ. पुण्याच्या लोकांना वाटतं, मराठी आपल्याबरोबर गाडीतून उतरते. मयंक छताकडे बघत उभा होता, अगदी निर्विकार.

"मुलींना काही त्रास?" शर्वरीने विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. ते तोंडात तयारच होतं. पण सकाळपासून मामाचा तो आवाज कानात होता, आणि कधी नव्हे ते आत कुठेतरी दुखलं.

"फुलमनी म्हणून मुलगी आहे," अहल्याबाई सावकाश, स्वच्छ बोलल्या. "तिची आई मरायला टेकलीय. तिला अजून सांगितलेलं नाही. सोडत नाहीयेत."

छताकडची नजर खाली आली. शर्वरीने वळून हिंदीत जाब विचारला, तेव्हा मयंकने इतकं दुःखी तोंड केलं की बघणाऱ्याला वाटावं याचीच आई आजारी आहे.

"मॅडम, अभी भेजते हैं. कंपनी की गाडी स्टेशन छोड देगी. हमारे लिए ये सब बेटियाँ हैं."

शर्वरीला बरं वाटलं. "आणखी काही, काकू?"

आणखी होतं की. पिशवीतलं कुलूप काखेला लागत होतं. पण फुलमनी अजून इथेच होती आणि गाडी मयंकच्या हातात.

"नाही," अहल्याबाई म्हणाल्या.

फुलमनीला त्यांनीच सांगितलं. पोर रडली नाही. बोचकं घेऊन गाडीत बसली आणि गाडी वळेपर्यंत समोर बघत राहिली. अहल्याबाईंना वाटलं होतं, आपल्याला आनंद होईल. तसं काही झालं नाही.

संध्याकाळी पाहुणे हॉटेलवर गेल्यावर मयंक आला.

"मासी, तुला पण वाटलं काय, मला मराठी समजत नाही?"

"तू ऐकतोयस हे ठाऊक असूनच बोलले."

त्याने हात पुढे केला. "उद्यापासून नको येऊ. चावी दे." त्यांनी कुलूप आणि किल्ली दोन्ही दिली. त्याने खिशात टाकली. पाहुणे सकाळच्या विमानाने जायचे होते, तोवर ताळुं लागणार नव्हतं.

अहल्याबाई फाटकाबाहेर आल्या. रस्त्यावर रिक्षा होत्या, भजीवाला होता, उजेड अजून होता. मुली नुकत्याच पाळीवरून आल्या होत्या. कशी कोण जाणे, मासी जाणार याची त्यांना कुणकुण लागली होती. एकेक करून सगळ्या फाटकापाशी जमल्या. फाटक सताड उघडं होतं. कुणी पाऊल टाकलं नाही. पाळी सोडली तर बाहेर पडायचं ते रविवारी, मासीच्या मागून, दोघी-दोघींच्या रांगेत, एवढंच त्यांना माहीत होतं.

पुढची एक जण म्हणाली, "मासी, आज संडे है क्या?"

काहीतरी बोलायला हवं होतं. या म्हणायला हवं होतं. पण इतकी वर्षं या प्रश्नाला त्यांनी एकच उत्तर दिलं होतं.

"नहीं रे," अहल्याबाई म्हणाल्या. "आज गुरुवार."

मुली माघारी वळल्या. शेवटचीने आत जाताना फाटक लोटून घेतलं.