तिसरा उकाळा

आमच्या ह्यांना एखादं यंत्र दिसलं की आजूबाजूची माणसं दिसेनाशी होतात. म्हसावदला आमचं कापडाचं दुकान. गिऱ्हाइकाला धोतरजोडी दाखवायची सोडून हे, म्हणजे नेमीचंदशेठ, मोटारसायकलींची चित्रं बघत गादीवर बसायचे. छत्तीस साली धुळ्याच्या एका पारशी वकिलाची जुनी मोटारसायकल घेऊन आले, शेजारी साइडकार जोडलेली. सगळा गाव बघायला लोटला. मी स्वयंपाकघरातून बाहेर आलेसुद्धा नाही, इतकी चिडले होते.

मग सुरतेपर्यंत दौरा करायचं खूळ डोक्यात शिरलं. झाडाखाली मुक्काम, आपला चहा आपण करायचा, कुणाच्या दारात जायचं नाही. त्यासाठी स्टो हवा. तो घ्यायला मलाही धुळ्याला नेलं, कारण त्याच्यापुढे बसणार मीच.

दुकानदाराने तीन स्टो मांडले. वातीचा मला पसंत पडला. वात वर करा, काडी लावा, झालं. हे म्हणाले, वाऱ्यात विझेल, गाडीत कलंडला तर रॉकेल सांडेल. दुसरा नुसता स्पिरिटवर जळणारा, चिमुकला. चहापुरता ठीक, पण तपेलीभर पाणी तापवायला जन्म जाईल. तिसरा पंपाचा, पितळी, पाय सुटे करून पत्र्याच्या डब्यात बसणारा. टाकीत रॉकेल, वर वाटीत चमचाभर स्पिरिट ओतून पेटवायचं, नळी चांगली तापली की पंप मारायचा. मग निळी ज्योत फुरफुरते. दुकानदाराने पेटवून दाखवला तेव्हा ह्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

"आणि स्पिरिट नसलं तर?" मी विचारलं.

"नसेल कशाला? बाटली भरून घेऊ की."

म्हणजे प्रश्न मिटला! ह्यांचे सगळे प्रश्न असेच मिटतात.

खरी परवानगी हवी होती ती सासूबाईंची. धनकंवरबाईंचं त्या साली वर्षीतप चालू होतं. एक दिवस जेवण, एक दिवस उपास, असं वर्षभर. उपासाच्या दिवशी फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस असेतो. सूर्य मावळला की दुसऱ्या दिवशी ऊन वर येईपर्यंत थेंब नाही. चुलीत घालायचं प्रत्येक लाकूड त्या मऊ पुंजणीने झाडून घेत, एखादी मुंगी, एखादा किडा जळू नये म्हणून. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, तरी बोटांनी चाचपून झाडायच्या. हे आईला बाई म्हणत. स्टो पुढे ठेवून म्हणाले, "बाई, यात लाकूड नाही, शेणी नाही. एक जीव जळत नाही." सासूबाईंनी पितळेवरून हात फिरवला आणि त्यांना तो आवडला. घरात आम्ही मारवाडीच बोलतो, मी इथे मराठीत सांगते आहे.

अखातीजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तपाचं पारणं नंदुरबारला, आमच्या साध्वी महासतीजींसमोर व्हायचं होतं. शेवटचे दोन दिवस सलग उपास. ह्यांनी ठरवलं, बाईला साइडकारमध्ये बसवून न्यायचं, पारणं झालं की त्यांना तिथेच नणंदेकडे ठेवायचं आणि आपण दोघांनी पुढे सुरतेला जायचं. मी घुंघट दातात धरून मागच्या सीटवर. जातीतले लोक काय म्हणतील, हे मी विचारलंच नाही. विचारून उपयोग नव्हता.

पहाटे निघायचं होतं. गाडीने नाटक केलं आणि निघालो तेव्हा वैशाखाचं ऊन डोक्यावर आलं होतं. सासूबाई दुसऱ्या उपासात होत्या. सकाळी उकळून गाळलेलं पाणी पितळी कळशीत भरून त्यांच्या पायाशी ठेवलं होतं.

प्रकाशा गावाशी पोचेतो दुपार कलली होती. तिथे तेव्हा पूल नव्हता. उन्हाळ्यात तापीच्या पात्रातूनच गाडीवाट असे. त्या दिवशी वाटेवर बैलगाड्यांची रांग लागली होती. रांगेत उभे राहतील तर आमचे हे कसले! काठाकाठाने बरंच खाली गेले आणि म्हणाले, "इथून सरळ घालतो." घातली. मध्यावर गेलो आणि साइडकारचं चाक वाळूत रुतलं, गाडी तिरकी झाली, कळशी उलटली. पाणी वाळूत गेलं. मी हात घातला तोवर वर ओलसुद्धा उरली नव्हती.

आम्ही दोघांनी गाडी ढकलली. ती आणखी खोल बसली. सासूबाईंना उतरवून गाडीच्या सावलीत बसवलं तर त्यांचे ओठ पांढरे पडले होते आणि अंगाला घामच नव्हता. मी हात धरला. भट्टीपुढे धरल्यासारखा कढत. बोलत होत्या, पण शब्द एकमेकांत अडकत होते.

"पाणी उकळू," हे म्हणाले. "स्टो आहे ना! काही घाबरू नकोस."

सूर्य अजून दोन हात वर होता. नदीची धार जवळच होती. मी कपड्याने गाळून तपेली भरून आणली. ह्यांनी डबा उघडला, पाय जोडले, रॉकेल भरलं, पिना काढून ठेवल्या. मग स्पिरिटची बाटली उचलली. ती हलकी होती. बूच काढून त्यांनी ती उलटी केली. आत काही नव्हतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माझ्याकडे बघू नका," मी म्हटलं. "मी हात लावलेला नाही."

"मी ओतली," सासूबाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही? का?"

"वास आला." डोळे मिटूनच बोलत होत्या. "तुझ्या उमेदमलकाकाच्या बाटलीला येत होता, तसाच. बिनणीसमोर, बायकोसमोर कसं बोलू तुला? राखेत ओतली."

या माणसाने आयुष्यात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलेलं नाही. बाटली हातात धरून लहान मुलासारखे आईकडे बघत राहिले. मला त्या दोघांचाही राग आला आणि दोघांची दयाही आली.

"बाई, मी दारू पितो असं वाटलं तुम्हाला?"



वाद घालायला वेळ नव्हता. ह्यांनी गाडीच्या टाकीतलं पेट्रोल चिंधीवर घेतलं, वाटीत दाबलं आणि काडी लावली. भडका उडाला. ह्यांच्या भुवया जळाल्या, नळी तापायच्या आत ते संपलं, पंप मारल्यावर नळीतून कच्चं रॉकेल पिचकारीसारखं उडालं आणि पिवळी आग हातभर वर गेली. मी दोन्ही हातांनी वाळू लोटून ती विझवली. पुन्हा पेट्रोल काढायला निघाले तेव्हा मी त्यांचा सदरा धरला. "आईबरोबर मलाही जाळायचं आहे का?" असं तोंडावर बोलले. नवऱ्याशी असं आधी कधी बोलले नव्हते.

"अजून आहे, बाई, सूर्य अजून आहे," हे मधून मधून ओरडत होते. आईला धीर द्यायला की स्वतःला, कोण जाणे.

आरडाओरडा ऐकून टरबुजाच्या वाडीतून एक बाई आली. रेवाबाई तिचं नाव, नदीत वाडी राखत होती.

"काय व्हयनं म्हतारीले?" तिने विचारलं. मी सांगितलं. तिने लगेच मागे बोट दाखवलं. "मन्ही चूल पेटेल शे. ठेवा ना पानी."

सासूबाईंनी मान हलवली. वाऱ्याबरोबर त्या चुलीवरून मासळीचा वास येत होता. शिवाय नदीकाठची वाळकी लाकडं, न झाडलेली. "माझ्या घोटभर पाण्यासाठी त्यातले जीव नकोत," एवढंच म्हणाल्या आणि त्यांची मान माझ्या खांद्यावर पडली. मी त्यांना हलवलं. डोळे उघडले, पण ओळख नव्हती त्यात. रात्रभर ही बाई अशी राहिली तर उद्याचा दिवस बघणार नाही, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं.

आणि तेवढ्यात आमचे हे रेवाबाईला म्हणाले, "बहीण, दारू शे का तुन्हाकडे?"

रेवाबाई दोन पावलं मागे सरली. "नही भाऊ. आमनाकडे काही नही. तुम्ही अबकारीना मानसं शेतस का?"

"नही वं. पेवासाठे नही. हाऊ स्टो पेटाडासाठे."

"दारूवर? येडा व्हयना का काय, भाऊ?"

ह्यांनी हात जोडले. मग तिच्या पायाशी वाकायला लागले. रेवाबाई घाबरून पळाली आणि वाळूत पुरलेली बाटली घेऊन आली. मोहाची. "पहिली धारनी शे," ती हळूच म्हणाली. "काडी लावी का भक करी पेटस."

सासूबाईंच्या डोळ्यांत पुन्हा ओळख आली होती, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. आपला मुलगा एका परक्या बाईपुढे हात जोडून दारू मागतो आहे, हे त्यांनी ऐकलं, आणि डोळे मिटून घेतले.

मी पिनेने नळीच्या भोकातली वाळू काढली. ह्यांनी वाटीत दारू ओतली. बुटकी निळसर ज्योत धरली. एकदा विझली, पुन्हा लावली. तिसऱ्या वेळी नळी तापून तडतडली, ह्यांनी पंप मारला, आणि स्टो फुरफुरला. मी देवाचं नाव घेतलं. सूर्य पलीकडच्या बाभळींच्या शेंड्याला टेकला होता.

आमच्याकडे उकळलेलं पाणी म्हणजे एकदा उकळी आली आणि उतरवलं, असं नाही. तीन उकाळे यावे लागतात. वर येऊ द्यायचं, खाली बसू द्यायचं, पुन्हा वर येऊ द्यायचं. कच्चं राहिलेलं पाणी सासूबाई आवाजावरून ओळखत. पहिला उकाळा आला तेव्हा सूर्य अर्धा उरला होता.

"आहे, बाई, आहे अजून!"

दुसरा उकाळा आला. पश्चिमेला लाल किनार तेवढी दिसत होती. ह्यांनी पंप सोडला. "उतरव," मला म्हणाले. "तिसरा राहू दे." मी तपेलीला हात घातला तर सासूबाईंनी माझं मनगट धरलं. एवढी ताकद त्यांच्यात कुठून आली, मला माहीत नाही.

तिसऱ्या उकाळ्याला पाणी वर चढलं तेव्हा बाभळींच्या मागे काही नव्हतं. नुसतं पिवळं आकाश. मी बघितलं, ह्यांनी बघितलं, रेवाबाईनेही बघितलं.

मी प्यायच्या वाटीत पाणी ओतलं, फुंकर घालत त्यांच्यापुढे धरलं. सासूबाईंनी मोतीबिंदूचे डोळे पश्चिमेकडे वळवले.

"नेमू, सूर्य आहे?"

मी ह्यांच्याकडे बघू शकले नाही. वर्षभराचे उपास होते त्या एका शब्दावर, आणि त्याच शब्दावर आईचा जीव.

"आहे, बाई," हे म्हणाले. आवाज जराही हलला नाही.

सासूबाईंनी चेहरा पश्चिमेकडे तसाच धरला.

"तू म्हणतोस तर आहे," त्या म्हणाल्या आणि वाटी तोंडाला लावली. कढत पाणी, चटके बसत असतील, तरी संपवलं. मी दुसरी दिली, तीही घेतली. मग हात जोडून पच्चक्खाण घेतलं, सकाळपर्यंत थेंबही न घेण्याचा नेम. थोड्या वेळाने त्यांच्या कपाळावर घाम आला. मी तो पदराने पुसला आणि मनातल्या मनात नवऱ्याच्या पाया पडले.

सकाळी रेवाबाईच्या नवऱ्याने, धनसिंगने, बैलजोडी लावून गाडी ओढून काढली. आम्ही नंदुरबारला महासतीजी उतरल्या होत्या त्या स्थानकात पोचलो तेव्हा पारणी सुरू झाली होती. तपस्वी ओळीने बसलेले, घरचे लोक उसाचा रस वाटीत ओतून त्यांच्या तोंडाशी नेत होते, बायका गीतं गात होत्या. सासूबाईंची पाळी आली. हे वाटी भरून पुढे झाले. जळलेल्या भुवया, तरी चेहरा आनंदाने फुललेला.

सासूबाईंनी वाटीवर हात आडवा धरला.

"महासतीजी," त्या म्हणाल्या, "माझं तप तुटलं. काल सूर्य मावळल्यावर मी पाणी घेतलं. प्रायश्चित्त द्यावं."

गाणं थांबलं. सगळं स्थानक आमच्याकडे बघायला लागलं.

"सूर्य होता, बाई!" हे ओरडले. "मी सांगितलं ना तुम्हाला!"

"नव्हता रे. तोंडावरचं ऊन गेलं की आंधळ्यालाही कळतं."

"मग प्यायलात कशाला?" ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कळत होतं तर मला खोटारडा म्हणायचं होतं!"

सासूबाईंनी चाचपत त्यांचा हात शोधला, वाटीसकट धरला.

"काल सकाळी एकदा तुला दारुडा ठरवून बसले होते," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी खोटारडाही कशी ठरवू?"

महासतीजींनी डोळे मिटले आणि सांगितलं की तप पहिल्यापासून करावं लागेल. सासूबाईंनी मान डोलावली. मग मुलाच्या हातून त्या रस प्यायल्या, पण पारणं म्हणून नाही, नुसता रस म्हणून. सुरतेचा विषय कुणी काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास धरला. पहिला.