हसण्याच्या अकरा जागा

१९५७ च्या जानेवारीत कुंभकोणमला तीन दिवस रुमानियाचे चित्रपट दाखवले. फिल्म मंडळाचे चिटणीस वकील जानकीरामराव, म्हणून पाहुणी त्यांच्याच घरी उतरली. तिचं नाव वियोरिका. चित्रपटांचं संकलन हे तिचं काम. दुसऱ्या दिवशी तिचं पोट बिघडलं, ताप चढला, आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणातून उठायला बंदी केली. तिने जोडलेला विनोदी चित्रपट त्याच संध्याकाळी लागणार होता.

लोक कुठे हसले याचा अहवाल बुखारेस्टला पाठवावा लागे. तिने जानकीरामरावांच्या पत्नीला, विशालाक्षीबाईंना, आपल्या जागी जायची विनंती केली आणि हसण्याच्या अकरा जागांची यादी दिली.

विशालाक्षीबाई लग्नानंतर चित्रपटाला गेल्या नव्हत्या. त्यांनी बायकांच्या बाजूला पुढची खुर्ची मागितली आणि पडद्याकडे पाठ करून बसल्या. लोकांवर लक्ष ठेवायचं तर दुसरा उपाय नव्हता. शेजारी शाळेतल्या शिक्षिका त्रिपुरसुंदरी होत्या. त्या पडद्याखालचं इंग्रजी वाचत आणि यादीतली जागा आली की बाईंचं कोपर दाबत.

घरी येऊन बाईंनी सांगितलं, की अकरांपैकी एकाही जागी कोणी हसलं नाही. जानकीरामरावांनी ते जमेल तितक्या सौम्य इंग्रजीत पाहुणीला सांगितलं.

"पण एकदा अस्के हसले," बाई म्हणाल्या. "सगळे. बायका, पुरुष, दारावरचा माणूससुद्धा. सरकारी साहेब गावकऱ्यांपुढे भाषण करत होता, तेव्हा. त्याच्या मागे घोडा होता म्हणे. मी पाहिला नाही."

वियोरिका उठून बसली. तिने हा प्रसंग पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाली, त्या भाषणातला एक शब्दही कापायचा नाही असा वरून हुकूम होता. तिने कापला नाही. साहेबाच्या मागे घोड्याने दिलेली जांभईसुद्धा कापली नाही. मायदेशी कितीतरी थिएटरांत ती लोकांमध्ये जाऊन बसली होती. सगळे हाताची घडी घालून भाषण ऐकत. घोडा कोणाला दिसलाच नाही, असं तिला चार वर्षं वाटत होतं.

अहवालात काय लिहू, असं जानकीरामरावांनी विचारलं.

"अकरा जागी हसले, असं लिहा," ती म्हणाली. "घोड्याचं लिहू नका."

विशालाक्षीबाईंना खोटी साक्ष मान्य नव्हती. घोडा वगळायला मात्र त्यांची हरकत नव्हती. तो त्यांनी पाहिलाच नव्हता. शेवटी 'प्रेक्षकांनी चित्रपट अखेरपर्यंत शिस्तीने पाहिला' एवढं एकच वाक्य ठरलं.

मग बाईंनी घोडा कसा होता ते विचारलं. वियोरिकाने उशीला टेकून मान लांब केली, डोळे अर्धे मिटले आणि जबडा सावकाश उघडत नेला. विशालाक्षीबाईंनी ते लक्ष देऊन पाहिलं आणि पुन्हा करायला सांगितलं. दुसऱ्या खेपेला त्या तोंडाला पदर लावून बराच वेळ हसल्या. जानकीरामरावही हसले.

त्यानंतर बाई पाहुणीसाठी ताकभात कालवायला आत गेल्या.