ऑटोला लावलेलं कुलूप

"मावशी, खरं सांगा, सारखं बिघडतंय ते मशीन की तुमचं डोकं?"

विचारलं एकदाचं! ज्योत्स्नानं रिसीव्हरवर हात ठेवला आणि काउंटरपलीकडच्या मैत्रिणीकडं, मेघनाकडं बघून भुवया उडवल्या. मेघनानं हसू दाबायला तोंडात ओढणी कोंबली. पैज तिनं आणि वर्गातल्या पोरींनीच लावली होती. विचारून दाखवलं तर स्टँडवरची भेळ, नाहीतर सुट्टी संपल्यावर सगळ्या वर्गासमोर 'मी भित्री' म्हणायचं.

दहावीची दिवाळीची सुट्टी होती. बारामतीत तिच्या वडिलांचं, अप्पांचं, पाण्याच्या मोटारींचं आणि स्टार्टरचं दुकान, आणि दुकानात नवाकोरा फोन. तक्रारी ऐकायचं काम ज्योत्स्नाकडं आलं आणि बघता बघता तिला असा काही तोरा चढला की विचारू नका. "फ्यूज बघा, तिन्ही फेज आल्यात का बघा," असं ती दरडावून सांगायची आणि पलीकडचा मिशाळ बाप्या म्हणायचा, "व्हय मॅडम." मॅडम! संध्याकाळी जळोचीला घरी जाताना तिची सायकल जमिनीला टेकायची नाही.

गिऱ्हाइकं तरी कसली एकेक! एकाची मोटार चालू, पण पाणी येईना. अर्धा तास डोकं खाल्ल्यावर कळलं, विहिरीतच पाणी नाही. दुसऱ्याचा स्टार्टरचा डबा गुणगुणायचा. आत गांधिलमाश्यांनी घर केलेलं.

पण निमगाव केतकीच्या तानूबाईंपुढं ती सगळी शहाणी. डेअरीवरनं त्यांचा फोन यायचा आणि तक्रार एकच, "ऑटो चालंना. माघारी न्या." ऑटो म्हणजे लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारा डबा, शेतकऱ्याला विहिरीवर पळायला नको. अप्पांचा मेकॅनिक सिद्धू दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा मशीन ठणठणीत, फक्त फ्यूज गायब. मग तानूबाईंचे मालक जोतीराम स्वतःच फोनवर ओरडले, तेव्हा ज्योत्स्नानं ऐटीत तोडगा काढला होता, "काका, डब्याला कुलूप घाला. किल्ली तुमच्यापाशी ठेवा." जोतीराम जाम खूश. "हुशार हायस पोरी!"

आणि आज कुलूप लावूनही बाईंचा फोन. मग विचारू नको तर काय?

तानूबाईंनी उलटाच प्रश्न टाकला.

"कुलूप तूच सांगितलं व्हय?"

"हो. मीच." ज्योत्स्ना अजून ऐटीतच होती.

"बाय, फ्यूज मीच काढत हुते."

मेघना हसायची थांबली नव्हती. ज्योत्स्नानं तिला हातानंच गप केलं.

"मालक हिरीत उतरत्यात," तानूबाई भराभर बोलायला लागल्या. "खाली पाइपाच्या तोंडाला शेवाळ बसतं, ते काढाया. आदी ते उतरले की मी वर स्टार्टरपाशी बसायची. कुनाला हात लावू द्यायची न्हाय. आता म्हनत्यात, ऑटो हाय, तू कशाला, जा खुरपाया. ऑटोला काय कळतंय खाली मानूस हाय ते? मागं असंच लाइट आली आन पाइपाला धरलेला त्यांचा हात करंटनं आखडला. कुनाला सांगू दिलं न्हाय. म्हनून फ्यूज काढायची आन तुमाला फोन करायची. वाटलं, खराब म्हनून न्याल माघारी."

"काकांना सांगा ना मावशी."

"सांगितलं न्हाय व्हय? म्हनत्यात, बायकांचं काय ऐकायचं, दुकानातली मॅडम सांगती ते खरं. आज दुपारचं उतरनार हायेत. किल्ली त्यांच्या कमरंच्या करगोट्याला."

ज्योत्स्नानं रिसीव्हर ठेवला. अप्पा मागं मोटारीत तारा भरत बसले होते. तिनं सगळं सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही.

"मशीन चांगलंय ना? मग झालं. उतरताना मेन स्विच बंद करावा माणसानं."

"मेन त्याच डब्यात आहे अप्पा. काका तो पाडत नाहीत आणि मावशींना आता उघडता येत नाही, कुलूप मी लावायला लावलंय."

"हे बघ, ऑटोनं शॉक बसतो अशी आवई उठली तर समोरचा दुकानदार पेढे वाटेल. तू फोन उचलायचा, बास."

सिद्धू एम-एटी गाडीला किक मारत होता. ज्योत्स्ना मागं जाऊन बसली. "सिद्धूदादा, निमगाव. पळव."

"अप्पांना इचारलंस?"

"सांगितलंय."

खोटं नव्हतंच ते.

विहिरीवर पोचले तेव्हा जोतीराम शेवटच्या पायरीवर, गुडघाभर पाण्यात. एक हात पाइपाकडं चाललेला. तानूबाई काठावर पदर घट्ट धरून उभ्या.

"काका, वर या! किल्ली द्या!"

"आली व्हय मॅडम!" जोतीराम खालनं हसले. "कुलूप ब्येस हाय बरं का तुमचं."

"ते मी चुकीचं सांगितलं. लाइट आली तर शॉक बसेल!"

"चारला येती लाइट. तवर हुतंय." हात पुन्हा पाइपाकडं निघाला.

ज्योत्स्नानं तानूबाईंकडं बघितलं. या बाईनं असं किती वेळा सांगितलं असेल! मग तिच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं, "काका, मशीनमध्ये फॉल्ट आहे! मोटार जळेल तुमची!"

"आँ? मोटार?"

धडाधड पायऱ्या चढून ते वर आले. निथळत्या अंगानं डब्यापाशी उभे राहून करगोट्याची किल्ली सोडायला लागले, आणि डब्यात खट् झालं. मोटार धाडकन सुरू झाली. पाइप थरथरला. चार वाजायला अजून बराच वेळ होता.

जोतीरामांची बोटं किल्लीवर तशीच राहिली. सिद्धूनं ती घेऊन कुलूप काढलं, मेन पाडला आणि ऑटोची वायर तोडून टाकली.

जोतीरामांनी मोटारीवरनं हात फिरवला. "चांगली हाय की मोटार," ते पुटपुटले. बायकोकडं त्यांनी बघितलं नाही.

त्या संध्याकाळी जळोचीला घरात अप्पांचा आवाज चढला होता. आई पोळपाटावरचं लाटणं थांबवून ऐकत होती. "गिऱ्हाइकाची वायर तोडायला लावून येते! उद्यापासून दुकानात पाय ठेवायचा नाही तू."

ज्योत्स्नाला रडू येत होतं, पण ती उभीच राहिली.

"अप्पा, आई, मी ठरवलंय. उद्या दुकान उघडलं की ज्यांनी ज्यांनी आपल्याकडून ऑटो नेलाय, त्या सगळ्यांना मी निरोप देणार. विहिरीत उतरायचं तर आधी मेन पाडायचा आणि वर माणूस बसवायचा. तुम्ही फोन दिला नाहीत तर एसटीनं गावोगाव जाऊन सांगेन. आणि बाप्यांना नाही, घरातल्या बायकांना सांगणार."