खाली बाण, दोनदा

“मेलं हे यंत्र! रोज हाताला धरून उठवायचं याला,” टेबलाखालच्या पेटीकडे बघत भाग्यलक्ष्मीअक्का पुटपुटल्या आणि त्यांनी कीबोर्डवरचा खालचा बाण दोनदा दाबला.

मित्रांनो, त्या पेटीतलं मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. पडद्यावर चित्र उमटवणं हे माझं काम. आनेकलच्या या घरात अक्का संगणकावर ब्लाउजच्या भरतकामाचे नमुने काढतात. त्यांच्या कितीतरी मोरांची पिसं मी रंगवली. त्यांचे यजमान कृष्णाजी मला इंदिरानगरहून बसने आणताना मांडीवर घेऊन बसले होते!

संगणकाचा गाभा म्हणजे कर्नेल. त्याचं बोलणं मला कळत नाही, माझं त्याला. मध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाषा लागतो. कर्नेल नवा आला की त्याची बोली बदलते, आणि माझ्या कंपनीने नवा दुभाषा देणं केव्हाच थांबवलं. मग कृष्णाजी जुन्यालाच नवी बोली शिकवत बसत. “स्वल्प थांब, जमेल,” म्हणत. “बायको रुसली तर परवडली, कर्नेल नको!” असंही म्हणत, आणि अक्का आतून भांडं आपटत.

कृष्णाजी जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून संगणक सुरू होताना यादीतून जुना कर्नेल निवडायचा. खाली बाण, दोनदा. विसरलं की पडदा काळा. मी आत धडधाकट, पंखा गरगरतोय, आणि हाक मारायला तोंड नाही.

आता भरतकामाच्या नव्या सॉफ्टवेअरला नवाच कर्नेल हवा. सोमवारी त्यात नमुने दिले नाहीत, तर सर्जापूर रोडचं दुकान काम दुसऱ्या कुणाला देणार. म्हणून लेक रक्षिता आली. तिने नवा कर्नेल निवडला. पडदा काळा.

“वायर सैल असेल,” अक्का म्हणाल्या.

“हो आई, वायरच,” रक्षिताने मान वर केली नाही. तिने ती तीनदा काढून घातली. मला उपसून पडद्याची वायर संगणकात मुळातच असलेल्या खाचेत लावली की माझ्याविनाही चित्र येईल, हे दोघींना ठाऊक होतं. शेवटी रक्षिताने पेटीचं झाकण उघडलं. माझ्या पाठीवर कृष्णाजींनी चिकटवलेली चिठ्ठी होती: ‘हात लावू नका, मी बघतो.’

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण जागच्या जागी खिळवून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे.

अक्कांनी चिठ्ठीवरची धूळ पदराने पुसली.

“वायर ठीक आहे गं,” त्या म्हणाल्या. “तुझे अप्पा आता बघायला येणार नाहीत. सोडव त्याला.”