बांधलेलं पाणी

"बांधलं!"

महाराजाने तांब्या मंगळूच्या डोक्यावर उपडा केला. थेंबही पडला नाही. पेठजवळच्या आमच्या पाड्यावर जमलेल्या माणसांनी आधी श्वास रोखला, मग जयजयकार केला. त्या तांब्यात हंड्यातलं पाणी ओतताना सगळ्यांनी पाहिलं होतं.

"नदीचं पाणी बांधतो, पोटाचं काय घेऊन बसलास?" महाराज गरजला.

मंगळूची चार वर्षांची सविता कालपासून जुलाबांनी गळाली होती. आई भागीबाईच्या मांडीवर निपचित, डोळे खोल गेलेले, सकाळपासून लघवी नाही. जुलाब 'बांधायला' हवेत, असं आपणच म्हणतो. महाराजाने नेमका तोच शब्द पकडला होता.

त्याने पांढऱ्या भुकटीची पुडी भागीबाईला दिली. "रोज चिमूटभर. आणि सात दिवस पोरीच्या तोंडात मीठ जाता कामा नये. मिठानं बंधन सुटतं!"

हे ऐकून मी, पाड्यावरच्या शाळेची जुनी बाई, उठले. "मंगळू, घरातून मीठ आण."

"बाई, महाराज तर नको सांगत्यात..."

"सविताला नाही, त्या तांब्यात घालायचंय."

"म्हातारे, तांब्याला हात लावलास तर पोरीचं बरंवाईट तुझ्या माथी!" महाराज माझ्यावर ओरडला.

"ऱ्हाऊ द्या ना बाई," गर्दीतला बारकू पुटपुटला.

भागीबाईने लेक मंगळूच्या हातात दिली. "पोर माझी हाय. माझ्या माथी येऊ दे." ती मिठाची बरणीच घेऊन आली. तिने दोन मुठी मीठ तांब्यात टाकलं आणि पळीने ढवळलं. मिनिटभर काहीच होईना. मग तिने तांब्या कलता केला. गढूळ पाणी भळभळा जमिनीवर सांडलं.

"मंत्र म्हणा की आता," गर्दीतली बयाबाई महाराजावर ओरडली, "झोळी कशाला आवरता?"

मुलांनो, तांब्याच्या तळाशी आधीपासूनच पुडीतली तीच भुकटी होती. बाळांच्या डायपरमध्ये असते, शेतात रोपांच्या मुळाशी ओल टिकवायला घालतात, ती. तिचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. पाण्यात त्यांच्यावर जागोजागी ऋण विद्युतभार येतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, साखळ्या फुगून पसरतात आणि पाणी आत शिरून अडकतं. त्याचा घट्ट गोळा होतो. मिठातले धनभारित कण मध्ये शिरले, की ढकलाढकल मंदावते, साखळ्या आक्रसतात, पाणी सुटतं. महाराजाला मिठाचं वावडं होतं ते यासाठी. आणि सविताच्या शरीरातून तर पाण्याबरोबर मीठच वाहून गेलं होतं!

लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. भागीबाई तेच चमच्याचमच्याने पाजत जीपमधून सरकारी दवाखान्यात गेली. तिथे सलाईन लागलं. संध्याकाळी मंगळूचा फोन आला, "बाई, लघवी झाली!" लॉटरी लागल्यासारखा ओरडत होता.

कुणी चमत्कार दाखवून एखादी गोष्ट करू नका म्हणालं, तर का नको ते विचारा, आणि जमलं तर करून पाहा. त्याला पदवी लागत नाही. भागीबाई शाळेची पायरीही चढलेली नाही.