कुठल्या देशाचं खाल्लंस?

मी फोटोसाठी ताटं सजवते. जाहिरातीतला पदार्थ बघून तुमच्या तोंडाला पाणी सुटतं ना, तेव्हा त्यामागे माझ्यासारखी कुणीतरी पाठीचा काटा ढिला होईस्तोवर वाकलेली असते. त्या दिवशी काम होतं लहान मुलांच्या पुस्तकाचं. निरनिराळ्या देशांतली मुलं शाळेत दुपारी काय जेवतात, त्याचे फोटो. प्रकाशकाने देशांची नावं पाठवली होती आणि प्रत्येकापुढे दोन शब्द: सूप, पाव. भात, मासा. बाकी सगळं आमच्या अकलेवर सोडलेलं. ती नावं काही आमच्या जिभेवर बसेनात, म्हणून फोटोग्राफर आणि मी सरळ सूपवाला देश, भातवाला देश असं म्हणायला लागलो.

दिव्यांच्या धगीत खरं अन्न टिकत नाही. त्यामुळे आमच्याकडचं दूध म्हणजे पांढरा गोंद. सूप म्हणजे रंगवलेलं पाणी आणि वरचा फेस भांडी घासायच्या साबणाचा. सफरचंदाला वॉर्निश, पावाला खरपूस रंग यावा म्हणून बूट पॉलिश. दिसायला झकास!

शाळेला सुट्टी होती म्हणून ठकूला, माझ्या सहा वर्षांच्या मुलीला, सोबत आणलं होतं. "कशालाही हात लावायचा नाही," असा दम देऊन तिला कोपऱ्यात चित्रं काढायला बसवलं. जेवायची वेळ टळून गेली तरी माझं "झालंच हं, झालंच" चालू होतं. ब्रश धुवून परत आले तर ठकूची हनुवटी ओली आणि ओठ चकचकीत.

"काय खाल्लंस?"

तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले.

"ठके, कुठल्या देशाचं खाल्लंस?"

तिने मान खाली घातली. मी आधी ओरडते आणि मग विचारते, ही माझी रीतच आहे. मी ओरडले. तिने ओठ घट्ट मिटले.

"ताटं बघू," फोटोग्राफर म्हणाला. पण त्याने मघाशीच सगळी ताटं फळीवर हलवली होती, आणि कुठलं कुठे गेलं ते त्यालाही आठवेना. बघावं तर सफरचंदाचा लचका गायब, पावाचा कोपरा गायब, भातात खड्डा.

"इतकं सगळं खाल्लं हिने?" मी किंचाळले.

फोटोग्राफर डोकं खाजवायला लागला. "ताई, पाव मी खाल्ला. म्हणजे, पाव खरा होता ना?"

"पॉलिश होतं त्याला!"

तो बेसिनकडे धावला. चुळा भरता भरता ओरडला, "भातही मीच! सफरचंदाचं नक्की आठवत नाही!"

"असं कसं आठवत नाही? सफरचंद खाल्लेलं आठवत नाही?"

"काल पण खाल्लं होतं हो, ते काल की आज..."

डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी विचारलं, "काय गेलंय पोटात?" मी म्हणाले, "ते अजून कळलं नाही, पण एका देशाचं जेवण गेलंय." त्यांनी ते मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग त्या म्हणाल्या, "मुलीला घेऊन या. आणि जे काही आहे तेही आणा."

म्हणून आम्ही सगळे देश खोक्यात भरले. रिक्षात फोटोग्राफरने खोकं मांडीवर धरलं आणि वळणावर निम्मं सूप त्याच्या पॅंटवर सांडलं. कुठली वाटी आधीच उणी होती आणि कुठली आत्ता झाली, तेही आता सांगता येईना. ठकू माझ्या कुशीत ताठ बसली होती. मी मनातल्या मनात नुसतं घोकत होते, वॉर्निश नको, वॉर्निश नको.

डॉक्टरीणबाईंनी ताटं टेबलावर मांडून घेतली. "वॉर्निश असेल तर मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. बाकीचं इथे बघता येईल," त्या मला हळूच म्हणाल्या. मग ठकूसमोर वाकल्या. काय खाल्लंस हे त्यांनी विचारलंच नाही.

"यातलं सगळ्यात घाण काय लागलं ग तुला?"

ठकूने ताबडतोब बोट दाखवलं. सूप.

"आणि ते सफरचंद?"

"ते नाही. ते काकांनी खाल्लं. मी बघितलं."

फोटोग्राफर धपकन खुर्चीत बसला.

"बरं, मग घाण लागल्यावर थुंकलंस ना?"

"नाही. पाच चमचे खाल्ले."

"अगं, कशाला?" मला राहवलं नाही.

ठकूने एकदा माझ्याकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं. "आईच म्हणते. दुसऱ्या देशांतली मुलं कुरकुर करत नाहीत, ताटात येईल ते निमूट संपवतात. मला वाटलं, त्यांना रोज हेच देतात."

डॉक्टरीणबाईंनी तिचं पोट तपासलं, थोडं पाणी प्यायला दिलं. "साबणच आहे. पोटात कळ येईल, कदाचित ओकेल. आज इथेच थांबवू थोडा वेळ. घाबरू नका," असं म्हणून त्या फोटोग्राफरकडे वळल्या. "तुम्ही या इकडे, आ करा. मोठ्या दवाखान्यात तुम्हालाच जावं लागेलसं दिसतंय."

माझा जीव भांड्यात पडला. मी ठकूला जवळ ओढलं. "वेडाबाई, ते खोटं होतं. फोटोसाठी केलेलं. तिकडची मुलं असलं काही खात नाहीत."

"मग काय खातात?"

मी तोंड उघडलं. सूप, पाव. भात, मासा. यापुढे मला एक अक्षर माहीत नव्हतं. त्यातलं एकही मूल मी कधी पाहिलं नव्हतं. ती जेवतात की डबा तसाच घरी परत नेतात, मला काय ठाऊक?

"माहीत नाही ग," मी म्हणाले.

ठकूच्या कपाळाला आठी पडली. ती रागावली नव्हती, तिला खरोखरच कळत नव्हतं.

"मग तू मला रोज त्यांचं कशाला सांगतेस?"