उन्हात वाळवलेला कीस

प्रयोगशाळेचा आकडा आणि पेटीतला रंग जुळेनात, तेव्हा श्यामलाने दोन्ही नोंदी पुन्हा तपासल्या.

कलकत्त्यात सियालदह स्टेशनजवळच्या एका अनाथालयातली मुलं दिवेलागणीला भिंतींना धडकू लागली होती. रातांधळेपणा. केशरी रताळ्यांत 'अ' जीवनसत्त्वाचा अंश भरपूर निघाला, तर ती लगेच मुलांच्या ताटात जाणार होती. नाहीतर होता तोच भात आणि पातळ डाळ.

पेटी म्हणजे हातात मावणारा लाकडी खोका. त्यात खल, थोडं द्रावण आणि फिक्या-गडद पिवळ्या रंगाच्या बंद नळ्या. अनाथालयाच्या ओसरीवर तिने ताजं रताळं वाटलं, तेव्हा रंग सर्वांत गडद नळीशी, म्हणजे भरपूर अंशाशी, जुळला होता. प्रयोगशाळेतलं यंत्र मात्र म्हणत होतं, यात जवळजवळ काहीच नाही.

"श्यामलाबाई, तुमची पेटी म्हणजे रंगपंचमीचं सामान," प्रयोगशाळेचे प्रमुख भालचंद्र सर म्हणाले. जन्म कलकत्त्यातला, त्यामुळे त्यांच्या मराठीला बंगाली हेल होता. "यंत्र खोटं बोलत नाही. लिहा, निरुपयोगी."

"यंत्राला आपण दिलं काय, सर?"

"काय म्हणजे? कीस. तुम्हीच आणलात की."

तिनेच आणला होता. वीज सारखी जायची, नमुने वाळवायची भट्टी थंड पडायची. म्हणून तिने तो घरी वाळवला. सासूबाई उपासासाठी वाळवत तसाच, किसून, जुन्या धोतरावर पसरून, गच्चीतल्या कडक उन्हात. छान कुरकुरीत झाला म्हणून मनातून खूशही झाली होती.

बशीत उरलेला कीस तिने खिडकीपाशी नेला. पांढुरका, निर्जीव. टोपलीतलं एक रताळं कापून शेजारी ठेवलं. झेंडूसारखं.

"उन्हानं खाल्लं सगळं," ती म्हणाली. "चूक माझी आहे, सर."

सर दोन्हींकडे बघत राहिले. "मलाही दिसायला हवं होतं हो." मग घसा साफ करत म्हणाले, "ताजा नमुना घ्या, काळ्या कागदात गुंडाळून. वीज आली की पुन्हा बघू."

"तोवर मुलांनी थांबायचं?"

सरांनी कागद पुढे ओढला. पेटीचा निकाल लिहिला, सही केली, आणि छत्री शोधू लागले. रताळी पोचवायला तेही निघाले होते.

संध्याकाळी ओसरीवर उकडलेल्या रताळ्यांची वाफ दरवळत होती. एका चिमुरडीचा हात ताटाच्या बाजूला, फरशीवरच चाचपडत होता. श्यामलाने तो धरला आणि त्यात कोमट फोड ठेवली.

"खा गं बाळा," ती मराठीतच म्हणून गेली.

मुलीने आवाजाच्या दिशेने मान वळवली. डोळे भलतीकडेच होते. पण ती खात होती.